स्वभावच बोलका असेल, तर ‘सौम्य व शांत आत्मा’ कुठून आणायचा?

ताई, तुम्ही बोलक्या आहात, पटलं नाही तर तसं सांगता. मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणीतरी बायबलमधलं १ पेत्र ३:४ काढून ‘तुझ्यात सौम्य व शांत आत्मा नाही’ असं सुनावलं, आणि तेव्हापासून आपण देवाला आवडणारी स्त्री होऊच शकणार नाही असं तुम्हाला वाटतंय. शिवाय तुम्ही विचारलंय की दागिने घालावेत का, आणि घरातला अपमान मुकाट्याने सोसणं म्हणजेच सौम्यपणा का.

हे वचन मी बहिणींबरोबर पुष्कळदा वाचलंय. दर वेळी एखादी तरी बहीण ते ऐकून खाली मान घालते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. येशूचा शिष्य पेत्र याने ते कुणाला लिहिलं ते पाहा. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात येणाऱ्या प्रांतांतल्या विश्वासणाऱ्यांना हे पत्र गेलं. त्यांतल्या काही बायकांचे नवरे देवाचं वचन मानत नव्हते. त्या काळी नवऱ्याचे देव तेच बायकोचे देव, अशी अपेक्षा असे. या बायकांनी मात्र ख्रिस्ताला धरलं होतं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीत त्या नवऱ्यापासून वेगळ्या उभ्या राहिल्या होत्या. अशा बाईला पेत्र ‘सौम्य राहा’ म्हणतो तेव्हा तो तिला मिंधेपणा शिकवत नाही. पुढे सहाव्या वचनात तो सारेच्या, म्हणजे अब्राहामाच्या बायकोच्या, लेकी कुणाला म्हणतो? ज्या चांगलं करतात आणि कशाच्याही धाकाने घाबरत नाहीत त्यांना.

म्हणून मला वाटतं, या शांतीचं नातं आवाजाशी नसून भरवशाशी आहे. पाचवं वचन स्पष्टच सांगतं की त्या पवित्र स्त्रिया देवावर आशा ठेवणाऱ्या होत्या. चारचौघांत एक शब्दही न बोलणारी बाई आतून वर्षानुवर्षं धुमसत असू शकते. अशा मुक्या रागाला आपण फार लवकर ‘शांत आत्मा’ म्हणून मोकळे होतो.

हन्नेचं पाहा. तिला मूल नव्हतं, आणि मुलासाठी ती मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. तिने ते ऐकून घेतलं नाही. ‘नाही, माझे स्वामी’ म्हणून मी दुःखी आहे आणि देवापुढे आपलं मन मोकळं करते आहे, असं तिने त्याला सांगितलं. मग ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही (१ शमुवेल १:१८). तिचा मुलगा शमुवेल तेव्हा जन्मायचा होता. मागितलेलं अजून पदरात नाही, तरी मन निवलेलं: अंतःकरणाचं सौंदर्य मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आणि अबीगईल! शास्त्र तिला बुद्धिमान आणि रूपवानही म्हणतं. नवरा नाबाल उर्मट होता, त्याने दाविदाच्या माणसांचा अपमान केला, आणि दावीद ४०० माणसं घेऊन सूड घ्यायला निघाला. अबीगईल नवऱ्याला न सांगता २०० भाकरी, पाच मेंढरांचं मांस आणि बाकीचा शिधा गाढवांवर लादून वाटेत दाविदासमोर गेली. तिने पाया पडून, पण सविस्तर, उद्या राजा होणाऱ्या त्या माणसाला समजावलं की विनाकारण रक्त सांडलंस तर ते तुझ्या मनाला लागून राहील. १ शमुवेल २५ मधलं तिचं बोलणं आठ वचनं चालतं. दाविदाने तिला गप्प केलं नाही, तिला आशीर्वाद दिला. तुमच्यासारख्या बोलक्या बहिणीने हा अध्याय जरूर वाचावा. बोलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: मला समोरच्याला वाचवायचंय की हरवायचंय? माझ्या बाबतीत बहुतेक भांडणं याच प्रश्नापाशी निवतात.

हा गुण फक्त बायकांच्या वाट्याचा आहे, असंही मानू नका. प्रभू येशू स्वतःला सौम्य म्हणवतो (मत्तय ११:२९). गलती ५ मध्ये सौम्यता हे आत्म्याचं फळ आहे, म्हणजे ती पुरुषांकडूनही तितकीच अपेक्षित आहे. आणि फळ धरायला वेळ लागतो, धाकाने ते येत नाही.

दागिन्यांचं थोडक्यात सांगते. तुमची शोभा बाहेरची नसावी असं पेत्र म्हणतो त्याच वाक्यात (१ पेत्र ३:३) दागिन्यांबरोबर पोशाखाचाही उल्लेख आहे, आणि कपडे घालू नका असा अर्थ कुणीच काढत नाही. अब्राहामाच्या सेवकाने रिबकेला सोन्याची नथ आणि बांगड्या दिल्या, त्याबद्दल शास्त्रात दोष दिलेला नाही. कानातले खुशाल घाला. तुमची किंमत त्यांवर टांगलेली नसली म्हणजे झालं.

आता घरच्या अपमानाचं. महायाजकापुढे येशूला चपराक बसली तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण विचारलं: मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). अन्यायाला अन्याय म्हणणं सौम्यतेत बसतं. आणि १ पेत्र ३ मध्येच, सातव्या वचनात, पेत्र नवऱ्यांना बजावतो की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्याच प्रार्थनांत व्यत्यय येईल. हे वचन मंडळीत फार कमी वेळा वाचलं जातं. आणि घरात कुणी तुमच्यावर हात उगारत असेल, तर ‘सौम्य व शांत आत्मा’ हे वचन पुढे करून तुम्हाला कुणी तिथे थांबवू नये. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडे जा. त्याने तुमचा आत्मा कमी शांत ठरत नाही.