क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशींचा मारा थंडावतो का?

प्रश्न असा आहे: पांढऱ्या पेशी ऑक्सिडंट (इतर रेणूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावणारी द्रव्यं) वापरून जंतू मारतात, मग अँटिऑक्सिडंट म्हणून क जीवनसत्त्व घेणारा माणूस आपलीच प्रतिकारशक्ती कमी करतो का?

नेहमीच्या मात्रेत नाही. हा मारा मोकळ्या रक्तात होतच नाही, तो पेशीच्या आत एका बंद पिशवीत होतो. न्यूट्रोफिल ही जंतू गिळणारी पांढरी पेशी जंतूला गिळते तेव्हा तिच्याच पटलाची पिशवी त्याच्याभोवती मिटते, हा फॅगोसोम. त्याच्या भिंतीवर एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं यंत्र जुळतं. त्याचे दोन भाग पटलात रुतलेले असतात, बाकीचे पेशीद्रवात सुटे, आणि इशारा मिळाल्याशिवाय एकत्र येत नाहीत. नाहीतर पेशी स्वतःच जळाली असती. जुळलेलं यंत्र पेशीद्रवातल्या एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन पिशवीतल्या ऑक्सिजनला देतं: सुपरऑक्साइड तयार. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम क्लोराइड वापरून त्याचं हायपोक्लोरस आम्ल करतं. कपड्यांच्या ब्लीचमागचं रसायन तेच.

आता क जीवनसत्त्व. न्यूट्रोफिल ते स्वतःच साठवून ठेवते: रक्तद्रवात साधारण 50 ते 70 मायक्रोमोलर, तर पेशीत 1 मिलिमोलरच्या (म्हणजे 1000 मायक्रोमोलरच्या) वर. म्हणजे मारा करणारी पेशीच अँटिऑक्सिडंटने भरलेली असते, पिशवीबाहेर गळणारे ऑक्सिडंट तिथेच टिपले जावेत म्हणून. शिवाय दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या आसपास या पेशी भरून जातात. त्यावरची गोळी मुख्यतः लघवीवाटे जाते.

अँटिऑक्सिडंटचा खरा फायदा उठवतात ते जंतू. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा सोनेरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो, तेच ऑक्सिडंटचा मारा झेलतं. साल्मोनेला आपल्या पिशवीपर्यंत ऑक्सिडेज पोचूच देत नाही. क्षयाच्या जंतूकडे कॅटजी हे कॅटालेज, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, आहे. गंमत म्हणजे आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषधही याच एन्झाइमने सक्रिय होतं, त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये बदल बऱ्याचदा याच जनुकात सापडतो.

यंत्राचं महत्त्व कळतं ते बिघडल्यावर. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये ऑक्सिडेजचा एखादा भाग जन्मतः सदोष असतो. बहुतेकदा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने रुग्ण मुख्यतः मुलगे. यकृतात गळू, सुजून पिकणाऱ्या गाठी, फुप्फुसात ॲस्परजिलस बुरशी, बर्खोल्डेरिया किंवा सेराशिया या जीवाणूंचा संसर्ग, असं चित्र दिसलं की शंका घ्यावी. न्यूमोकॉकससारखे जंतू मात्र हे रुग्ण बऱ्यापैकी परतवतात. ‘कॅटालेज असलेलेच जंतू त्रास देतात’ हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं: कॅटालेज काढून टाकलेला स्टॅफिलोकॉकससुद्धा असा दोष असलेल्या उंदरांना आजारी पाडतो.

निदानासाठी डीएचआर चाचणी करतात. रक्तातल्या पेशींना डायहायड्रोर्‍होडामिन हे द्रव्य देऊन पीएमए या रसायनाने चेतवतात. ऑक्सिडंट तयार झाले तर रंग चमकतो आणि फ्लो सायटोमीटर हे एकेक पेशी तपासणारं यंत्र ती चमक मोजतं. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये, 24 तासांच्या आत तपासावा, आणि त्याच वेळी काढलेलं निरोगी व्यक्तीचं रक्त सोबत न्यावं. ते चमकलं नाही तर दोष वाहतुकीत किंवा रसायनात आहे, रुग्णात नाही. आईच्या रक्तात चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या पेशींचे दोन वेगळे गट दिसले तर दोष एक्स गुणसूत्रावरचा.

एक चकवा इथे नेहमी असतो. मायलोपेरॉक्सिडेजच कमी असेल तरी डीएचआरची चमक घटते आणि अहवाल या आजारासारखा दिसतो. असा माणूस बहुधा ठणठणीत असतो, फार तर मधुमेह सोबत असेल तर कँडिडा या बुरशीचा त्रास. म्हणून चित्र जुळत नसेल तर एनबीटी (नायट्रोब्लू टेट्राझोलियम) चाचणीही करून घ्यावी. ती थेट सुपरऑक्साइड दाखवते, आणि या लोकांमध्ये नॉर्मल येते.