सोरायसिससाठी आयुर्वेदाकडे वळताना

सगळ्यात आधी एक सांगतो: आयुर्वेदिक औषध सुरू केलं म्हणून पोटातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एका दिवसात बंद करू नका. सोरायसिस अशाने उसळतो, कधीकधी अंगभर लाली आणि पूचे फोड येतात. तसं झालं तर थेट रुग्णालय गाठायचं. डोस कमी करायचा तो त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, आणि काय काय चालू आहे ते दोन्ही डॉक्टरांना सांगून. मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवर दिलं जाणारं औषध) घेत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ते यकृतावर ताण आणतं आणि काही काढे-भस्मंही आणू शकतात.

चरकसंहितेत कुष्ठाचे, म्हणजे इथे एकूणच त्वचारोगांचे, 18 प्रकार आहेत. सोरायसिस बहुतेक वैद्य किटिभ किंवा एककुष्ठात धरतात, एक्झिमा विचर्चिकेत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध तुम्हाला चालेलच असं नाही. वमन, विरेचन (पंचकर्मातले औषधाने उलटी आणि जुलाब करवण्याचे उपचार) सांगितलं तर आधी 3 ते 7 दिवस औषधी तूप आणि नंतर पेयेपासून, म्हणजे पातळ पेजेपासून, हळूहळू जेवणावर येणं, हे सगळं पाळायला सवड काढा. घाईत उरकलेलं पंचकर्म मला अजिबात पटत नाही.

नाव नसलेली पुडी घेऊ नका. चार दिवसांत कातडी लख्ख झाली तर त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. बावचीचं तेल लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येतात.

सोरायसिस सांध्यांनाही धरू शकतो. सकाळी सांधे आखडतात का? मग थांबू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सांध्यांची झीज भरून येत नाही.