लातूरहून रायगडचा रोपवे, एका दिवसात?

ताई, तुम्ही विचारलंय की आठ जण, सोबत गुडघेदुखीच्या आजी, रविवारी पहाटे लातूरहून गाडी काढली तर रायगड रोपवे करून रात्री घरी येता येईल का. नाही जमायचं. लातूर ते रायगडाच्या पायथ्याचं पाचाड साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. जाऊन-येऊन नऊशे, आणि त्यात ताम्हिणीचा घाट.

आम्ही हा उद्योग दिवाळीच्या सुट्टीत केला होता. दुपारी एकला हिरकणीवाडीत, म्हणजे रोपवे सुटतो तिथे, पोचलो, ट्रॉलीत बसायला चार वाजले. वर गेल्यावर सगळं लक्ष शेवटच्या ट्रॉलीकडे. होळीच्या माळावर फोटो काढले नि परतलो. शिवाजी महाराजांची समाधी राहिलीच. चूक आमचीच.

रोपवे चार-पाच मिनिटांचा आहे, हे आधी डोक्यात घ्या. एक ट्रॉली वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, त्यामुळे गर्दीला रांग सरकता सरकत नाही. दिवस खातो तो रस्ता आणि ही रांग.

म्हणून दोन रात्री रेल्वेत काढा. लातूरहून रात्रीची मुंबई गाडी पहाटे पुण्यात सोडते (काही वारी ती बिदरहून येते, वार बघून तिकीट काढा). आजीला खालचा बर्थ. पुण्यातून ट्रॅव्हलर आधीच ठरवून ठेवा, आठ-साडेआठला रोपवेच्या तिकीट खिडकीशी पोचता. रविवार टाळा, मंगळवार-बुधवार बघा. आदल्या दिवशी फोन करून रोपवे चालू आहे का विचाराच. जोराच्या वाऱ्यात आणि देखभालीसाठी तो बंद ठेवतात.

आता आजींचं. रोपवे दीड हजारांच्या आसपास पायऱ्या वाचवतो, गड फिरवत नाही. वर उतरल्यावरही मेणा दरवाजाकडे थोड्या पायऱ्या आहेतच. आजींना राजसदरेपर्यंत हळूहळू न्या आणि तिथेच बसवा. नातवाला समोर नगारखान्यात उभं करून हळू बोलायला सांगा, आजींना इकडे ऐकू येईल. बाकीच्यांनी तोवर बाजारपेठेतून जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी करून यावं. जगदीश्वराच्या पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा लेख शोधा, घाईत तो पायाखालून जातो.

ट्रॉलीत दरीच्या बाजूला बसा. हिरकणी म्हणे असलाच कडा अंधारात उतरली होती. खाली बघितलं की आपला घसा कोरडा पडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये नका जाऊ. आपल्याकडे वर्षभरात पडत नाही तेवढा पाऊस तिकडे एका महिन्यात पडतो, आणि धुक्यात ट्रॉलीतून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. 6 जूनला राज्याभिषेक दिनाची तुफान गर्दी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, वर पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं. दुपारी दोनला खाली उतरलात तर पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी निवांत होते, तिथे आजींना चढायचं काही नाही. संध्याकाळी पुणे. लातूरची गाडी मध्यरात्रीनंतर येते, तेवढा वेळ स्टेशनवर काढायची तयारी ठेवा. तिकिटावरची तारीख मात्र दोनदा बघा, बारानंतर ती बदलते.