मखरातल्या ३० एलईडींना एकच रेझिस्टर चालेल का?

मखरासाठी ५ मिलिमीटरचे ३० पांढरे एलईडी, १२ व्होल्टचा अडॅप्टर, आणि दुकानदार म्हणतो "सगळ्यांना मिळून एक १ किलो-ओहम लावा", म्हणजे करंट आवरणारा एकच रेझिस्टर, असा तुमचा प्रश्न आहे. तसं करू नका.

पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो. सगळे समांतर जोडून एकच १ किलो-ओहम लावला तर उरलेल्या ८.८ व्होल्टमधून जेमतेम ९ मिलिअँपिअर वाहतील, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ०.३. उजेड पडणार नाही. मग माणूस रेझिस्टर कमी करत जातो आणि खरा धोका तिथे आहे. प्रत्येकाला १५ मिलिअँपिअर द्यायला सुमारे २० ओहम लागतील आणि त्या एकट्या रेझिस्टरवर जवळपास ४ वॅट उष्णता निघेल. पाव वॅटच उष्णता झेलणारा रेझिस्टर पुठ्ठ्याच्या मखरात जळला तर काय होईल, सांगायला नको. शिवाय सगळे एलईडी अगदी सारखे नसतात. ज्याचा व्होल्टेज कमी तो जास्त करंट खेचतो, तापतो, आणखी खेचतो.

तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडा, अशा दहा माळा करा आणि प्रत्येक माळेला स्वतंत्र रेझिस्टर द्या. तिघांचे ९.६ व्होल्ट गेले, उरले २.४. त्याला ०.०१५ अँपिअरने भागलं की १६० ओहम. बाजारात त्याच्या वरचा सहज मिळणारा १८०, म्हणजे तपकिरी, करडा, तपकिरी पट्टे. करंट १३ मिलिअँपिअर, पाव वॅट भरपूर झाला.

पण हे गणित अडॅप्टर खरोखर १२ व्होल्ट देत असेल तरच. इंदुरात आमच्या रामबागेतल्या घरी मी एका वर्षी घरातला जुना, जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर वापरला. वर १२ लिहिलेलं, म्हणून मोजलं नाही. विसर्जनापर्यंत बरेच एलईडी मंद आणि निळसर पडले. नंतर मल्टिमीटर लावला तर १५ व्होल्ट! हलक्या लोडवर, म्हणजे थोडाच करंट खेचला जात असताना, असे अडॅप्टर जास्तच व्होल्ट देतात. उरलेले २.४ चे ५.४ झाले आणि करंट ३० च्या घरात गेला. आईने हौसेने केलेली सजावट माझ्या आळसामुळे फिकी पडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आधी एक माळ जोडा आणि ती चालू असताना अडॅप्टरचा व्होल्टेज मोजा. १५ दिसले तर ३९० ओहम घ्या. नवा, हलका, स्विचिंगचा अडॅप्टर असेल तर बहुधा १२ च दिसतील, मग १८० ठीक. लाल एलईडी मिसळणार असाल तर त्यांची माळ वेगळी करा; ते २ व्होल्टच घेतात, तिघांना १२ व्होल्टवर ४७० लागेल.