गेस्ट ‘हँग’ झाला म्हणतात तेव्हा : झेड/व्हीएम सांभाळणाऱ्या नव्या सहकाऱ्यास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रात्रपाळीत झेड/व्हीएम, म्हणजे मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) चालवणारी आयबीएमची सिस्टिम, आता तू एकट्याने बघणार आहेस. लिनक्स तुला चांगलं येतं, त्यामुळे गेस्टच्या आतलं काही सांगत नाही. सांगायचंय ते खालच्या थराबद्दल, सीपीबद्दल, म्हणजे गेस्टांना चालवणाऱ्या कंट्रोल प्रोग्रॅमबद्दल. यातल्या कितीतरी कमांड १९७२ च्या व्हीएम/३७० पासून चालत आल्या आहेत. त्यांची उत्तरं त्रोटक असतात, पण प्रत्येक आकड्याला अर्थ असतो. ते आकडे वाचायची सवय लागली की निम्मं काम झालं.

रात्री फोन येतो तो बहुतेक एकाच वाक्याचा : ‘गेस्ट हँग आहे, रीस्टार्ट कर.’ माझं सांगणं असं की तो कशाची वाट बघतोय हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. फोर्स केलं, म्हणजे जबरदस्तीने लॉगऑफ करून पुन्हा उठवलं, की मशीन परत उभं राहतं, पण पुरावा जातो आणि आठवड्याभरात तोच फोन परत येतो.

पहिली गोष्ट, त्या गेस्टच्या नावाने लगेच लॉगऑन करू नकोस. डिसकनेक्ट होऊन (टर्मिनलशिवाय) चालू असलेल्या गेस्टवर तू लॉगऑन केलंस की सीपी त्याला ‘सीपी रीड’ (सीपी कमांडची वाट बघण्याच्या) अवस्थेत आणून ठेवतं आणि त्या क्षणी अख्खं व्हर्च्युअल मशीन थांबतं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तसं लिहिलेलं असतं, पण घाईत तिकडे लक्ष जात नाही. तू लॉग वाचत बसतोस आणि तेवढ्यात डेटाबेसचं क्लस्टर त्या नोडला मेलेला समजून बाहेर काढतं. ‘बिगिन’ दिल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. त्यातच तुझं ३२७० टर्मिनलचं सेशन तुटलं तर प्रकरण आणखी बिघडतं : सीपी रीडमध्ये डिसकनेक्ट झालेल्या युजरला सीपी ठरलेल्या वेळेनंतर स्वतःच लॉगऑफ करतं, आणि ती वेळ मुळात १५ मिनिटं असते. म्हणून प्रत्येक सर्व्हर गेस्टच्या डिरेक्टरी एंट्रीत (सीपीकडच्या युजरांच्या यादीतल्या नोंदीत) ‘कमांड सेट रन ऑन’ ही ओळ आहे ना, जिच्यामुळे सीपी रीडमध्येही मशीन चालू राहतं, हे दिवसा, निवांत असताना तपासून ठेव. बाहेर पडताना ‘#सीपी डिसकनेक्ट’ टाइप करायचं. ‘लॉगऑफ’ टाइप केलंस तर चालू सर्व्हरची वीज काढल्यासारखंच होईल.

कन्सोल नुसता बघायचा असेल तर ‘सेट ऑब्झर्व्हर’ वापर, आणि गेस्ट डिसकनेक्ट असताना त्याचा कन्सोल स्वतःकडे हवा असेल तर ‘सेट सेकयुजर’. ‘सेंड सीपी’ने बाहेरूनच त्या गेस्टला बिगिनसुद्धा देता येतं. ‘मोअर’ किंवा ‘होल्डिंग’ दिसत असेल तर स्क्रीन भरलीय आणि कोणीतरी ती साफ करायची बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण कन्सोलवर लिहायला थांबलेला लिनक्स खरंच अडकू शकतो, म्हणून ‘टर्म होल्ड ऑफ’ आधीच लावलेलं बरं. कन्सोलवर शेवटची ओळ एचसीपीजीआयआर४५०डब्ल्यू अशी असेल, तर मशीन डिसेबल्ड वेटमध्ये गेलंय, म्हणजे स्वतःहून पुढे न सरकणाऱ्या थांब्यात. तिथे वाट बघून उपयोग नाही. त्या ओळीतला पीएसडब्ल्यू (प्रोग्रॅम स्टेटस वर्ड) जसाच्या तसा उतरवून घे.

आता खरी तपासणी. ‘इंडिकेट युजर’ त्या गेस्टच्या नावाने दोनदा दे, मध्ये अर्धा मिनिट जाऊ दे. उत्तरात व्हीटाइम, टीटाइम आणि आयओ हे तीन आकडे शोध. व्हीटाइम म्हणजे गेस्टने स्वतः वापरलेला सीपीयू. टीटाइममध्ये त्याच्यासाठी सीपीने केलेलं कामही धरलेलं असतं. व्हीटाइम भराभर वाढतोय आणि आयओ जागचा हलत नाही, तर बहुधा आत लूप आहे. आयओ वाढतोय तर तो काम करतोय, फक्त हळू. टीटाइम वाढतोय पण व्हीटाइम त्या मानाने नाही, तर त्याच्या नावावर सीपीच राबतंय आणि गडबड बहुधा गेस्टच्या आत नाही, खाली आहे. तिन्ही आकडे जिथल्या तिथे, तर तो कशाची तरी वाट बघतोय. मग ‘इंडिकेट क्यूज एक्स्पी’ बघ. नावापुढे पीजी असेल तर पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) डिस्कवरून येण्याची वाट आहे, आयओ असेल तर डिस्कची. पीएस म्हणजे गेस्ट स्वतःहून विसावलाय, आणि रिकाम्या लिनक्ससाठी ते ठीकच आहे. हे सगळं दोन मिनिटांत होतं आणि यातल्या कशानेच काही बिघडत नाही.

पीजी बऱ्याच गेस्टांपुढे एकदम दिसू लागलं तर ‘क्वेरी अ‍ॅलॉक पेज’ दे. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण अख्खी सिस्टिम खाली बसते ती इथे. पेजिंगची जागा, म्हणजे मेमरीतून बाहेर काढलेली पानं ठेवायची डिस्कवरची जागा, संपली की सीपी स्पूलच्या (कन्सोल लॉग, प्रिंट अशा फाइलींच्या) जागेत पानं टाकू लागतं. तीही संपली की पीजीटी००४ हा अबेंड (सिस्टिम कोसळल्याचा कोड) येतो आणि सगळे गेस्ट एकाच वेळी जातात. त्यामुळे वापर ५० टक्क्यांवर गेला की नवीन व्हॉल्यूमची (डिस्कची) तयारी सुरू कर. सीपी पानं एकेकटी लिहीत नाही, गठ्ठ्याने लिहितं, त्याला सलग मोकळी जागा लागते. निम्म्याच्या पुढे सलग जागा सापडणं कठीण होत जातं आणि पेजिंग मंदावतं.

किती जागा लागेल याचा हिशोब सोपा आहे. समज, ४० गेस्ट आहेत, प्रत्येकाला ८ जीबी मेमरी आणि स्वॅपसाठी १ जीबीची व्हीडिस्क (मेमरीतली व्हर्च्युअल डिस्क). म्हणजे ३२० अधिक ४०, एकूण ३६० जीबी. यातून खरी मेमरी वजा करायचा मोह होतो, तो टाळ. झेड/व्हीएम ६.३ पासून सीपी मेमरीत असलेल्या पानांच्या प्रतीसुद्धा आगाऊ डिस्कवर लिहून ठेवतं. ३३९० मॉडेल ९ या जातीच्या डिस्क व्हॉल्यूममध्ये १०,०१७ सिलिंडर असतात आणि एका सिलिंडरमध्ये ४ केबीची १८० पानं बसतात. म्हणजे व्हॉल्यूममागे साधारण ६.९ जीबी. ३६० जीबीला असे ५३ व्हॉल्यूम लागतील. सगळे एकाच आकाराचे ठेव, आणि त्यांच्यावर पेजिंगशिवाय दुसरं काहीही नको. उरलेल्या सिलिंडरांवर एखादी मिनीडिस्क (गेस्टला दिलेला डिस्कचा तुकडा) बसवली की तिच्या आयओमागे पेजिंग रांगेत उभं राहतं.

नवीन व्हॉल्यूम चालू सिस्टिमला जोडता येतो. सीपीएफएमटीएक्सएने तो पूर्ण फॉरमॅट कर. सिलिंडर ० पर्म आणि १ पासून शेवटपर्यंत पेज असं अ‍ॅलोकेट कर. मग ‘डिफाइन सीपीओन्ड’ने रिकामा स्लॉट दे आणि ‘अ‍ॅटॅच’ने तो सिस्टिमला जोड. क्वेरी अ‍ॅलॉक पेजमध्ये दिसला की झालं. सीपीओन्डची ही ओळ सिस्टिम कॉन्फिग फाइलमध्ये घालायची मात्र राहून जाते, आणि पुढच्या आयपीएलनंतर (सिस्टिम नव्याने सुरू झाल्यावर) जागा कमी का झाली म्हणून शोधाशोध सुरू होते.

जागा वाढवण्याआधी गेस्टांचे आकडेही बघ. लिनक्सला १६ जीबी दिली तर तो रिकामी मेमरी पेज कॅशने भरतो, गरज असो वा नसो. तो थोडासा व्हीडिस्कवर स्वॅप करू लागेपर्यंत त्याची मेमरी पायरीपायरीने कमी करत जा, तिथेच त्याचं खरं माप सापडतं. व्हर्च्युअल सीपीयूचंही तसंच. रिलेटिव्ह शेअर (सीपीयूतला गेस्टचा वाटा) मुळात १०० असतो आणि तो गेस्टच्या सगळ्या व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये वाटला जातो. चार दिलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला २५. अ‍ॅप्लिकेशनवाले सीपीयू वाढवून मागतात आणि सिस्टिम भरलेली असताना त्यांचं एकेका थ्रेडवर चालणारं काम उलट मंद होतं. त्यांना हा भागाकार करून दाखव, बहुतेकांना पटतो.

स्पूलकडे रोज एकदा नजर टाक, ‘क्वेरी अ‍ॅलॉक स्पूल’. तो भरतो तो बहुतेक वेळा कन्सोल लॉगनी, जे कोणीतरी सुरू केले आणि कधी बंदच केले नाहीत. उघडी फाइल पर्ज होत नाही, म्हणजे पुसता येत नाही, आधी ती क्लोज करावी लागते. जुन्या फाइलींची सफाई एसएफपर्जरला नेमून दे. हाताने पर्ज करताना एक लक्षात ठेव, सीएमएसची (झेड/व्हीएममधल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची) सेव्ह्ड सिस्टिम, म्हणजे लगेच सुरू करायला तयार ठेवलेली प्रत, हीसुद्धा स्पूलमध्येच असते. ती गेली तर ‘आयपीएल सीएमएस’ चालणार नाही. घाबरू नकोस. ‘आयपीएल १९०’ने सीएमएस डिस्कवरून उभं राहतं. मग ‘सॅम्पएनएसएस सीएमएस’ आणि त्यामागून ‘आयपीएल १९० क्लियर पार्म सेव्हसिस सीएमएस’ दिलं की ती परत तयार होते.

डिरेक्टरीतली चूक मात्र उशिरा बोलते. दोन मिनिडिस्कांचे सिलिंडर एकमेकांवर आले तर त्या दिवशी काहीच होत नाही. पंधरा दिवसांनी एकाची फाइलसिस्टिम फुटते आणि दोष लिनक्सला लागतो. बदल केलास की आधी ‘डिस्कमॅप’ चालव, त्याच्या यादीत ओव्हरलॅप आणि गॅप वेगळे दाखवलेले असतात. अख्ख्या व्हॉल्यूमच्या मिनीडिस्क तिथे ओव्हरलॅप म्हणून दिसणारच. त्या ओळखीच्या करून घे, म्हणजे अनोळखी ओळ लगेच डोळ्यांत भरेल. ‘डायरेक्टएक्सए’ आधी एडिट पर्यायाने चालवलं तर फक्त तपासणी होते, चालू डिरेक्टरीला धक्का लागत नाही. तुमच्याकडे डिरमेंट (डिरेक्टरी सांभाळणारं साधन) असेल तर युजर डायरेक्ट फाइल हाताने बदलायची नाही. डिरमेंट स्वतःची प्रत सांभाळतं आणि तुझा बदल त्याच्या पुढच्या कामात पुसला जातो. नव्या मिनीडिस्कची सुरुवात सिलिंडर १ पासून. शून्यावर व्हॉल्यूमचं लेबल असतं, गेस्टने फॉरमॅट मारला की ते जातं आणि पुढच्या आयपीएलला सीपीला तो व्हॉल्यूमच सापडत नाही.

मिनीडिस्क जोडताना लिंकचा एमडब्ल्यू मोड (अनेकांना एकाच वेळी लिहू देणारा) कोणी मागितला तर कारण विचार. सीएमएसच्या मिनीडिस्कवर दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर ती बिघडणारच, तिथे कुलूप लावणारं कोणी नसतं. एक्सटी४ किंवा एक्सएफएसचंही तेच. वाचण्यापुरतं हवं असेल तर आरआर पुरे.

नेटवर्कबद्दल एवढंच : आयपीएलनंतर एखाद्याच गेस्टला नेटवर्क नाही, तर व्हीस्विचचा (व्हर्च्युअल स्विचचा) ग्रँट, म्हणजे त्याला जोडायची परवानगी, बघ. ‘सेट व्हीस्विच’ने चालू सिस्टिमवर दिलेला ग्रँट आयपीएलपुरताच टिकतो, तो कॉन्फिगमध्ये किंवा डिरेक्टरीत लिहावा लागतो. सगळ्यांनाच नसेल तर ‘क्वेरी व्हीस्विच डीटेल्स’मध्ये ओएसएची (नेटवर्क कार्डाची) अवस्था बघ.

गेस्ट बंद करायचाच ठरला तर आधी ‘सिग्नल शटडाउन’, विदिन ३०० म्हणजे पाच मिनिटांची मुदत देऊन. लिनक्सला तो समजतो आणि तो नीट बंद होतो. त्यालाही दाद देत नसेल तर फोर्सच्या आधी डंप (मेमरीची प्रत). व्हीएमडंप सोयीचा आहे, पण मोठ्या मेमरीच्या गेस्टला फार वेळ घेतो, तिथे डिस्कवरचा स्टँडअलोन डंप बरा. फोर्स दिल्यावर ‘लॉगऑफ/फोर्स पेंडिंग’ येऊन अडकलं, तर बहुधा एखादा आयओ पूर्ण व्हायचा राहिलाय. परत परत फोर्स देऊन काही होत नाही. तो कोणत्या डिव्हाइसवर अडकलाय ते शोध, पाथ तपास आणि स्टोरेजवाल्यांना उठव. सीपीवरच संशय असेल तर ‘स्नॅपडंप’ आहे. त्याने सिस्टिम पडत नाही, पण डंप लिहून होईपर्यंत सगळे गेस्ट थबकतात, म्हणून क्लस्टरवाल्यांना आधी कळव. या डंपांना जागा राखलेली आहे का, हे ‘क्वेरी डंप’ सांगतं.

शेवटी आयपीएल. सिस्टिम कॉन्फिग बदलायची असेल तर पीमेंट या युजरची सीएफ० डिस्क लिंक करून आधी जुन्या फाइलची प्रत ‘सिस्टिम कॉनफोल्ड’ नावाने त्याच डिस्कवर ठेव, आणि बदलानंतर ‘सीपीसिन्टॅक्स’ चालव. तरीही काही चुकलंच, तर एसएपीएलच्या (सीपी लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रीनवर आयपीएल पॅरामीटरमध्ये एफटी=कॉनफोल्ड लिहून जुन्या फाइलवर सिस्टिम उठवता येते. सर्व्हिसनंतर (दुरुस्त्या बसवल्यावर) नवीन न्यूक्लियस (सीपीचा गाभा) दगा देत असेल तर त्याच स्क्रीनवर सीपीलोडऐवजी सीपीलोल्ड लिहायचं.

आयपीएलच्या वेळी कोणता स्टार्ट हा प्रश्न आला की उत्तर वॉर्म. गेस्ट आपोआप उठायला नको असतील तर सोबत नोऑटोलॉग. वॉर्म जमत नाही असं सीपी म्हणालं तर आधी फोर्स स्टार्ट करून बघ, त्यात बऱ्याच स्पूल फाइली वाचतात. कोल्डने युजरांच्या स्पूल फाइली जातात, क्लीनने सेव्ह्ड सिस्टिमांसकट सगळंच. हे दोन शब्द टाइप करण्याआधी एसपीएक्सटेपची (स्पूलच्या बॅकअपची) शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे ते बघ, आणि ज्याची ती सिस्टिम आहे त्याला फोन लाव, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

कळावे.