दुपारची सोलर वीज बॅटरीत साठवायची सोडून सह्याद्रीत पाणी वर चढवायचे प्रकल्प कशाला?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्यात असा एक प्रकल्प येऊ घातलाय. डोंगरावर एक तळं, पायथ्याशी एक तळं, मध्ये बोगदा, आणि त्यात जंगल जाणार. गाड्या बॅटरीवर धावतात, मग विजेचं काम बॅटरीवर का भागत नाही, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं वीज पारेषणात काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

संध्याकाळच्या दोन-चार तासांपुरती बॅटरी खरोखरच भागवते. त्याहून जास्त तास वीज द्यायची असेल तर पाण्याचे प्रकल्प उपयोगी पडतात. पण त्यासाठी दिसेल तो कडा फोडावा, असं मला मुळीच वाटत नाही.

तारांमध्ये वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) 50 हर्ट्झवरून ढळते. दुपारी सोलर भरभरून येतं तेव्हा कोळशाचे संच बॅकडाऊन करतात, म्हणजे त्यांची निर्मिती उतरवतात, पण क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांच्या खाली ते नेता येत नाहीत. पूर्ण बंद केले तर संध्याकाळी हवे तेव्हा लगेच उभे राहत नाहीत. आणि संध्याकाळी सातला ऊन गेलेलं असतं, घरोघरी दिवे-पंखे लागलेले असतात. साठवणूक हवी ती या दुपार-संध्याकाळच्या फरकासाठी.

आपल्याकडे याचं चालतं उदाहरण म्हणजे भंडारदऱ्याजवळचा घाटघर उदंचन (पाणी वर चढवून साठवायचा) प्रकल्प. प्रत्येकी 125 मेगावॉटचे दोन संच, 2008 पासून चालू. वरचं धरण अकोले तालुक्यात घाटघरला, खालचं कोकणात शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. मध्ये सुमारे चारशे मीटरची उतरण. वीज स्वस्त असताना तेच यंत्र पंप होऊन पाणी वर चढवतं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवतं. पूर्वी पाणी रात्री चढवायचं असा हिशेब होता, कारण रात्री कोळशाची वीज उरायची. सोलर आल्यापासून ती वेळ दुपारकडे सरकते आहे.

चारशे मीटरवर नेलेल्या पाण्यात किती वीज असते? गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती भरून एवढ्या उंचीवरून सोडली तर जेमतेम एक युनिट मिळतं. म्हणजे 250 मेगावॉट तासभर द्यायचे तर अडीच लाखांहून जास्त टाक्या रित्या कराव्या लागतात. म्हणून उंच कडा आणि मोठी तळी लागतात, आणि म्हणूनच सगळ्यांची नजर सह्याद्रीकडे वळते. शिवाय हे पाणी संपत नाही, बाष्पीभवनाने जाईल तेवढंच पुन्हा भरायचं. कोयनेचं तसं नाही. तिथलं पाणी वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि समुद्रात जातं, त्यामुळे कृष्णा पाणीतंटा लवादाने ते वर्षाला 67.5 टीएमसीवर (अब्ज घनफूट) बांधून ठेवलंय.

यात तोटा आहेच. शंभर युनिट खर्चून पाणी चढवलं की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. बॅटरी त्याहून जास्त परत देते. तिची किंमतही झपाट्याने उतरली आहे. 2022 मध्ये केंद्राच्या निविदेत बॅटरी वापरायला देण्याचा दर मेगावॉटमागे महिन्याला सुमारे 10.8 लाख रुपये होता, 2025 मध्ये काही निविदांत तो अडीच लाखांच्याही खाली आला (त्यातल्या काहींत सरकारी अनुदान धरलेलं आहे). गाडीच्या बॅटरीला वजनाची अडचण असते, सबस्टेशनच्या आवारात ठेवलेल्या कंटेनरला ती नाही. तिथे जड पण स्वस्त आणि टिकाऊ रसायन चालतं. जमीन थोडी लागते, काम दोन-एक वर्षांत उरकतं.

मग पाणी का? कारण तास वाढवायचे तर बॅटरीत तेवढे सेल वाढवावे लागतात, तळ्यात मात्र भिंत थोडी उंच केली की भागतं. आणि आयुष्य. बॅटरीचे करार साधारण बारा-पंधरा वर्षांचे होतात. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं, भिऱ्याचं 1927 चं, आणि ती अजून उभी आहेत. पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीची गावं पाण्याखाली गेली, 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. मुंबईला वीज मिळाली आणि मावळातल्या शेतकऱ्याची भाताची खाचरं गेली. हे विसरून नवे करार होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट या दोन्हींच्या आधी करण्यासारखी आहे: वापरच दुपारी आणायचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांचे फीडर (वीजवाहिन्या) दिवसा सोलरवर चालवतात. शेतकऱ्याचं रात्री-बेरात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला जाणं टळतं आणि तेवढी वीज साठवावीही लागत नाही. शहरातली पाणी उपसा केंद्रं, सांडपाणी प्रकल्पातले काही पंप, बसडेपोतलं चार्जिंग, हेही बरंचसं दुपारी आणता येतं. (सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर मात्र फार वेळ थांबवता येत नाहीत, आतले जिवाणू मरतात.)

पावसाळ्याचं उत्तर यातलं कशातच नाही. आठवडाभर आभाळ दाटलं तर ना बॅटरी पुरते ना तळं. तेव्हा साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या कामी येतात, कारण त्यांचा वारा नेमका जून ते सप्टेंबरात असतो.

तुमच्या ग्रामसभेत विषय आला की हे विचारा: दोनपैकी एखादं तळं आधीचंच धरण आहे का, की दोन्ही नवी? पहिल्यांदा भरायचं पाणी कुठल्या धरणातून आणि कोणाच्या हिश्शातून? वनजमीन किती हेक्टर, बोगद्याचा मुरूम-दगड कुठे टाकणार, खालच्या गावांच्या झऱ्यांचं काय? आणि हीच साठवणूक बॅटरीने का होत नाही, याचा रुपयांत हिशेब लेखी मागा.