खंजिरी हाती घेणाऱ्या पोराला

बाबू, खंजिरी घेतलीस, फार चांगलं केलंस. पण लगेच वेगाच्या मागे लागू नको. महिनाभर नुसता केरवा ताल, आठ मात्रांचा, तोंडानं बोल म्हणत वाजव. वावरात डवरणीच्या वेळी बैलाच्या चालीवर म्हणत जा. माझा तिथंच पक्का झाला.

पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आवाज बसतो. चुलीच्या धगीपासून हातभर लांब धरून, फिरवत शेक. मधेमधे टिचकी मारून ऐक. आवाज टणक झाला की थांब. घाईत जवळ नेलं अन् माझं एक चामडं तडकलं, अजून हळहळ वाटते.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला गेलास तर पुढं बस, वाजवणाऱ्याची बोटं बघ. अन् भजनाचे शब्द बुडतील इतक्या जोरात कधी वाजवू नको.